पिल्लाचं पुढे काय होतं

एका अस्वलाच्या पिल्लाच्या कार्टूनवर आता खरी माणसं, खरं जंगल घेऊन सिनेमा निघाला होता. रांगेत माझ्यापुढे एक तरुणी एका लहान मुलीचा हात धरून उभी होती. आधीचा खेळ सुटला, तसं तिने बाहेर पडणाऱ्या एका आजींना थांबवलं.

“आजी, मुलांना दाखवण्यासारखा आहे का हो?”

“आहे की! अचकटविचकट काही नाही. माझी नातवंडं खूश आहेत.”

“आणि पिल्लाची आई पुरात वाहून जाते, ते ठेवलंय?”

“ठेवलंय. कार्टूनमध्ये ते चित्र वाटतं गं, इथे अगदी खरं वाटतं. मीच डोळ्यांना पदर लावला. का?”

“हिची आई माझी थोरली बहीण. दोन महिने झाले तिला जाऊन.”

“अगं बाई! मग नको नेऊस. पोर हबकेल.”

“चल सोनू, आपण बागेत जाऊ.”

“नको, मावशी. आई वाहून जाते ते मला माहितीये.”

“अगं, पण इथे ते खरं वाटतं म्हणतात ना आजी.”

“वाटू दे. घरी तो भाग आला की तुम्ही सगळे टीव्ही बंद करता. पुढे पिल्लू एकटं काय करतं, ते मला कुणी बघूच देत नाही.”

तरुणीने आजींकडे पाहिलं.

“घेऊन जा गं तिला. जवळ घेऊन बस.”

“ओ ताई, बोला लवकर. किती तिकिटं?”

“दोन द्या. खुर्ची एकच लागेल आम्हाला.”