हेन्रिकच्या वडिलांची दोन मतं

मतदानाचा विषय निघाला की मला आमचा सावंत फोरमन आठवतो. दुबईत जबल अलीच्या वेअरहाउसमध्ये आमचा मॅनेजर डॅनिश होता, हेन्रिक. रिटायर व्हायच्या आठवड्यात त्याने चहाच्या वेळी आम्हाला वडिलांचा फोटो दाखवला. १९५३ची डेन्मार्कची निवडणूक; मत देऊन बाहेर आलेले वडील टोपी उंचावून हसतायत.

सावंतने चष्मा लावून फोटो न्याहाळला. "विचार रे साहेबांना, बोटाला शाई कुठाय?"

मी इंग्रजीत विचारलं. "आमच्याकडे शाई लावत नाहीत," हेन्रिक म्हणाला. "आणि त्या वर्षी वडिलांनी दोनदा मत दिलं."

"बघ! म्हणूनच शाई लागते!" सावंत उसळलाच.

हेन्रिक पोट धरून हसला. म्हणाला, "अरे, त्या वर्षी निवडणुकाच दोन झाल्या. एप्रिलमध्ये वडिलांचा पक्ष सगळ्यात मोठा, पण सरकार दुसऱ्यांचंच राहिलं. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं आणि वडिलांच्या पक्षाचं सरकार आलं. सावंत, तू किती वेळा मत दिलंस?"

सावंतने आपलं कोरं बोट पुढे केलं. "बावीस वर्षं इथे आहे. इलेक्शनला सुट्टी कधी मिळालीच नाही म्हणावं."

हे इंग्रजीत सांगताना माझीच जीभ अडखळली, कारण सुट्टी नाकारणारा हेन्रिकच होता. पण जाताना त्याने शेवटची सही केली ती सावंतच्या इलेक्शनच्या रजेवर.

देवगडहून सावंतचा फोटो आला. शाळेसमोर उभा, टोपी उंचावलेली, बोटाला शाई. मी तो हेन्रिकला पाठवला.

डेन्मार्कहून लगेच उत्तर आलं, "एकदाच दिलं ना?"