वरच्या काकांकडची किल्ली

तक्रारदार: घराची मालकीण, वय ३९ वर्षे, धंदा इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीकाम, राहणार दुसरा मजला, डावीकडचे दार.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, सदर घरात मी, माझे पती व सासरे असे तिघे राहतो. पती छापखान्यात कामाला आहेत. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली आहे व उजवी बाजू लुळी आहे. डावा हात चालतो. डोके शाबूत आहे. हे शेवटचे वाक्य वगळू नये, असे मी सांगितले आहे.

घर आम्ही मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडून विकत घेतले. दोन्ही मजले त्यांचेच होते. आम्ही त्यांना काका म्हणत होतो. आतल्या खोलीला त्यांनी नवेकोरे पीओपीचे छत केले होते व त्याच्या कोपऱ्यात एक झाकण होते. ते कशाला, असे विचारता "वायरमनसाठी," असे म्हणाले. ओलीचा वास येतो म्हटल्यावर "घर बंद होतं ना, माणसं राहायला लागली की जाईल," असे म्हणाले. ती खोली आम्ही सासऱ्यांना दिली.

आम्ही दोघे दिवसभर कामावर असतो. काका आपण होऊन म्हणाले, "एक किल्ली माझ्याकडे ठेवा. दुपारी आजोबांजवळ बसत जाईन. मलाही तेवढाच विरंगुळा." असा शेजार मिळाला म्हणून आम्हाला आभाळ ठेंगणे झाले. किल्ली मीच नेऊन दिली. घरात काही गोडधोड केले की पहिली वाटी वर जात असे.

पुढे सासरे छताकडे बोट दाखवून ओरडू लागले. काका आले की तोंडावर चादर ओढून घेत. काका म्हणाले, "या वयात भास होतात, मनावर घेऊ नका." आम्ही डॉक्टरांना तसेच सांगितले. त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. ती मी माझ्या हाताने देत होते. सासरे तोंड घट्ट मिटून घेत, तेव्हा त्यांच्यावर खेकसतही होते.

गेल्या आठवड्यात काका लग्नासाठी परगावी गेले. सोमवारी मी कामावरून आले तेव्हा छत पलंगावर कोसळलेले होते. सासऱ्यांचे पाय त्याखाली होते व अंथरूण पाण्याने भिजलेले होते. आजूबाजूला रंगाचे मोठे डबे कलंडलेले होते. वर खरा स्लॅब दिसत होता, काळा पडलेला, गंजक्या सळया बाहेर आलेल्या, आणि गळत होता. त्याच्या बरोबर वर काकांची मोरी आहे.

मी काकांना फोन लावला. "काका, आतल्या खोलीचं छत पडलं," एवढेच बोलले. ते म्हणाले, "अरे देवा, डबे भरले असणार!" मी डब्यांचे नावही काढले नव्हते. मग त्यांनी फोन ठेवला.

पायाला प्लास्टर घातल्यावर मी सासऱ्यांना विचारले. त्यांनी डाव्या हाताने सगळे दाखवले. शिडी लावणे, झाकण सरकवणे, डबा उतरवणे, ओतणे, परत ठेवणे. शेवटी ओठांवर बोट ठेवून हसल्यासारखे केले. काका जाताना असे करत का, असे मी विचारता त्यांनी होकारार्थी मान हलवली व ते रडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काका परत आल्यावर दारात येऊन म्हणाले, "मी पाणी काढतच होतो की! तुमच्यासाठी या वयात शिडी चढलो. आपसात मिटवून टाकू." त्यावर मी वापरलेले शब्द येथे लिहू नयेत, असे हवालदारांनी सुचवले. माझी हरकत नाही. शब्द मागे घेत नाही.

सासऱ्यांचा जबाब घ्यावा, अशी माझी मागणी आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचा जबाब कसा घेणार, असे मला येथे विचारण्यात आले. काकाही हेच धरून चालले होते. सासरे बाहेर चाकांच्या खुर्चीत बसलेले आहेत. त्यांना आत आणून विचारल्याशिवाय मी येथून उठणार नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे. सही केली आहे व अजून येथेच बसले आहे.