बदामात तीन तलवारी

भैरवी : काकू, बसा न जराक! कवाच्या दारापासून खिडकीपर्यंत फिरून राह्यल्या. माही मोजदाद चुकते.

रजनी : मांगच्या बुधवारी नाही मोजले तं आजच काहून मोजून राह्यली?

भैरवी : सत्त्याहत्तर. पुन्हा सत्त्याहत्तरच! टॅरोचे पत्ते अठ्ठ्याहत्तर असते काकू. चांगले-वाईट सारे असल्याशिवाय मांडता येत नाही.

रजनी : एकानं काय होते वं? मांड पटकन. अमरावतीच्या दवाखान्यातून आमच्या सलीलचा तीनदा फोन आला. डॉक्टर म्हनते, उद्या सकाळी घेतो, नाही तं दुसऱ्याचा नंबर लावतो. अन तुये काका तिथं पलंगावर बसून म्हनते, ‘रजनी हो म्हनन तं बायपास करतो, नाही तं मले नेरले घरी न्या.’ बत्तीस वर्षांत भाजी कोनती आनू हे बी विचारलं नाही ह्या मानसानं, अन आता हे विचारते!

भैरवी : मंग म्हना न हो.

रजनी : कशी म्हनू? तूच मांडले होते न तीन पत्ते? मधात काय निंगालं? लाल बदाम, अन त्यात तीन तलवारी आरपार! तिकडं डॉक्टरनं सांगतलं, तीन नळ्या बंद हायेत. मी काय समजू, तूच सांग.

भैरवी : तलवारीची तिक्की... थांबा. तीच तं नाही यात. काकू?

रजनी : काय?

भैरवी : इकडं पाहा माह्याकडं.

रजनी : नेला मी. तू चहा ठेवाले आत गेलती तवा.

भैरवी : अगं बाप्पा! अन ठेवला कुठं?

रजनी : देवळामागच्या पिंपळाखाली. लोक फुटके फोटो, जुने देव ठेवते न, तिथं. हळद-कुंकू वायलं, हात जोडले. म्हनलं, पुन्हा येऊ नको रे बाबा. आता मांड तू, नाही निंगत तो.

भैरवी : धन्य हाय तुमची! पेपरातला कठीन सवाल फाडून फेकायचा अन म्हनायचं पास झालो? आठ दिवस मी लोकाईले अर्धे पत्ते मांडून देऊन राह्यली!

रजनी : ओरडू नको वं. चुकलं माह्यं.

भैरवी : माह्यं बी चुकलं. आजारपनाचा सवाल घ्यायचाच नसते. तुमचं तोंड पाहून घेतला. पन आयका. पयला पत्ता मांगचा, मधला आताचा, तिसरा पुढचा. तलवारी मधात होत्या, पुढं नाही. अन पत्ते कोनी पिसले होते?

रजनी : मी.

भैरवी : सवाल कोनाच्या मनातला?

रजनी : माह्याच.

भैरवी : मंग तो बदाम काकाचा कसा? ते तं आलेच नव्हते. जो पिसते, त्याच्या मनात काय चालू हाय, तेवढंच आमी पाहतो. नळ्या पाहाले डॉक्टर हाय.

(रजनी खुर्चीवर बसते.)

रजनी : भेव वाटते वं पोरी. हो म्हनलं अन काही झालं, तं लोक म्हनतीन हिनंच धाडलं. लोक जाऊ दे, मीच म्हनीन. जनमभर.

भैरवी : अन नाही म्हनलं तं?

रजनी : तरी बी मीच.

भैरवी : डॉक्टर काय म्हनते?

रजनी : म्हनते, केलं तं चांगलं चालन. नाही केलं तं भरोसा नाही... तिसरा पत्ता कोनता होता वं? मी पाहिलाच नाही.

भैरवी : नाही सांगत.

रजनी : एवढा बी नाही?

भैरवी : चांगला सांगतला तं त्याच्या भरवशावर हो म्हनसान, वाईट सांगतला तं त्याले बी पिंपळाखाली नेसान. आता मले जे सांगतलं न, ते काकाले सांगा.

रजनी : त्याईले? आजवर असं कधी बोललीच नाही मी त्याईच्याशी.

भैरवी : फोन वाजून राह्यला पाहा. घ्या.

रजनी : हॅलो... सलील, बाबाले दे... आयकता का? नाही, पत्त्याईचं राहू द्या. मले लय भेव वाटून राह्यलं... हो, रडून राह्यली, मंग काय करू? अवो, माह्या एकटीवर नका टाकू. तुमी हो म्हना, मी बी म्हनते... नाही, आधी तुमी नाही, आधी मी नाही. संगंच म्हनू.