रिकामे क्लिक

"हॅलो?… हो, बोला बाबा. हळू बोला, ठकी आत्ताच झोपलीये… खांद्यावर. माझ्याच, आणखी कुणाच्या?"

ती ओट्यापाशी उभी होती. डाव्या खांद्यावर दहा महिन्यांची ठकी, उजव्या कानाला फोन आणि समोर गॅसवर दुधाच्या बाटल्या उकळत असलेलं पातेलं. तिन्हींपैकी एकालाही सोडायची सोय नव्हती. बाबा अकरा वाजता कॅमेऱ्याच्या दुकानात गेले होते. आता दीड वाजत आला होता आणि हा त्यांचा चौथा फोन.

"झाली का अदलाबदल?… का नाही?… बाबा, परत तेच. आपलं काल ठरलंय ना… हो, हो… अहो ऐका ना…"

ठरलं होतं ते सोपं होतं. तिचा जुना, आरशाचा डीएसएलआर कॅमेरा दुकानात द्यायचा आणि त्याच्या बदल्यात नवा, बिनआरशाचा मिररलेस घरी आणायचा. जुना घेऊन नवा देण्याची दुकानाची योजना आजच संपत होती. ठकीला घेऊन दुकानात ताटकळत बसणं तिला शक्य नव्हतं, म्हणून तिनं बाबांना पाठवलं. पस्तीस वर्षं पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ चालवलेला माणूस. एक कॅमेरा देऊन दुसरा आणायला त्याला काय अवघड? हा आपला मूर्खपणा होता, हे तिला पहिल्याच फोनला कळून चुकलं होतं.

पहिल्या फोनला बाबांचं म्हणणं होतं की, या नव्यात आरसाच नाही, म्हणजे डोळा लावला की समोरचा माणूस दिसत नाही, माणसाचा टीव्ही दिसतो. दुसऱ्या फोनला बॅटरी. जुन्याची दोन दिवस पुरते, याची दुपारीच मान टाकते म्हणे. तिसऱ्या फोनला त्यांनी तो हातात धरून पाहिला होता आणि तो साबणाच्या वडीसारखा निसटतो असा निकाल दिला होता.

"आता काय नवीन?… आवाज येत नाही?… बाबा. आवाज येत नाही म्हणूनच तर घेतोय तो."

पातेल्यावरचं झाकण वाफेनं उचललं आणि खट् करून खाली बसलं. झोपेतच ठकीनं हनुवटी छातीला टेकवली आणि क्षणभर थिजल्यासारखी राहिली. कशाचाही असा आवाज झाला की ती हेच करायची. दिव्याचं बटण असो, पेटीची कडी असो. खट् झालं की हनुवटी खाली आणि पुतळा. काळजी वाटून डॉक्टरांनाही विचारून झालं होतं. कान उत्तम, मान उत्तम, आई जरा कमी काळजी करेल तर बरं, असं डॉक्टर म्हणाले होते.

"नाही, फोटो निघाला हे कसं कळणार म्हणजे काय? पडद्यावर दिसतो… तुम्हाला कानानं कळत असेल, बाबा. मला डोळ्यांनी कळलं तरी पुरे."

बाबांचं सगळं कानावर चालायचं. स्टुडिओ उघडला की कॅमेरा कानाशी धरून आधी दोन रिकामे क्लिक. आवाज खणखणीत आला तर दिवसाला सुरुवात, जरा जड वाटला तर कॅमेरा त्या दिवशी सुट्टीवर. डॉक्टरांनी छाती तपासावी तसं.

"मी शेवटचं सांगते, हं. उद्या चारला तालीम आहे. पूर्ण वेशभूषेत, दिव्यांसकट… नाटकवाल्या बाईंनी काय सांगितलंय ते माहितीये ना तुम्हाला?"

माहीत होतं. घरातल्या फ्रीजलासुद्धा माहीत होतं. वर्षापूर्वी बाईंच्या नाटकात, तिसऱ्या अंकात, म्हातारी मुलाचं पत्र हातात धरून मिनिटभर काहीच बोलत नाही, त्या मिनिटात हिच्या कॅमेऱ्यातला आरसा फोटोगणिक खटॅक करत सात वेळा उचलून आपटला होता. अख्खं सभागृह रंगमंचाकडे पाठ करून हिच्याकडे बघत होतं. बाईंनी नंतर शांतपणे सांगितलं होतं की, पुढच्या वेळी बिनआवाजाचा कॅमेरा असेल तरच या. आणि आता, बाळंतपणानंतर दहा महिन्यांनी, त्याच बाईंनी आपणहून बोलावलं होतं. उद्याचं जमलं तर वर्षभराचे सगळे प्रयोग तिचे. नाही जमलं तर तो दुसरा फोटोग्राफर, बुटका दाढीवाला, टपून बसलाच होता. त्याच्याकडे दोन-दोन मिररलेस होते आणि मूल एकही नव्हतं.

"म्हणून म्हणते, वाद नको. जुना द्या, नवा घ्या, या घरी… काय?… काय म्हणालात?… नाही, त्याच्या आधी. मला काय म्हणालात?"

बाबा तिला 'बाळा' म्हणाले होते. एरवी ती 'ए पोरी' होती किंवा 'कार्टे'. जन्मात तीन-चारदाच ती 'बाळा' झाली होती. एकदा त्यांनी तिची सायकल हरवली तेव्हा आणि एकदा तिच्या बारावीच्या प्रवेशपत्रावर चहा सांडला तेव्हा.

"बाबा, काय झालंय?… काहीच नाही तर दुकानदार काकांना फोन द्या… द्या म्हणते ना."

फोन हातोहात गेल्याची खरखर ऐकू आली. ती कुजबुजत्या आवाजात चिडली होती, आणि कुजबुजत चिडण्यानं घसा ओरडण्यापेक्षा जास्त दुखतो.

"हॅलो काका, नमस्कार… हो, मीच… घेता येणार नाही? पण तुम्हीच म्हणाला होतात, एक लाखाच्या आत क्लिक असले तर… हो, माझे ब्याण्णव हजार आहेत. वहीत आहेत माझ्या, प्रत्येक कामाचे… किती?… एक लाख सहा हजार? शक्यच नाही. परत बघा ना प्लीज… दोनदा बघितलंत… बाबांनाही दाखवलंत? कधी?… अकरालाच."

म्हणजे अकरा वाजल्यापासून बाबांना माहीत होतं. आरसा, बॅटरी, साबणाची वडी. सगळी नुसती पेरणी चालली होती. तिनंच नवा नको म्हणावं, म्हणजे जुना का चालला नाही हे सांगायची वेळच येणार नाही.

"बाबांना द्या परत… बाबा. चौदा हजार फोटो. माझं बाळंतपण झाल्यापासून मी बॅगसुद्धा उघडलेली नाही. कुणाला दिला होतात वापरायला?… मग भुतानं काढले का?… मी ओरडत नाहीये. ओरडायची सोय आहे का मला? बोला."

बाबा बोलले. बराच वेळ बोलले. ती मधे फक्त "हं" म्हणत राहिली.

दुपारी ठकीची आई झोपायची ना, दोन ते तीन, त्या तासाची ही गोष्ट होती. पहिल्याच आठवड्यात ठकी त्या वेळी रडून घर डोक्यावर घ्यायला लागली. खुळखुळा झाला, गाणं झालं, खिडकीतला कावळा झाला; कशाला दाद देईना. मग एकदा बाबांनी सवयीनं कॅमेरा काढला, कार्ड काढून ठेवलं आणि एक रिकामा क्लिक केला. पोरगी गप्प. दुसरा केला, पोरगी बघायलाच लागली. तेव्हापासून रोज. समोर उशीला टेकवून ठेवायचं आणि स्टुडिओत गिऱ्हाइकाला सांगायचे तसं सांगायचं, 'हनुवटी थोडी खाली', आणि खटॅक. कार्डच नाही म्हणजे फोटो नाही, आणि फोटोच नाही तर मोजणार कोण? त्यांच्या कॅमेऱ्यात रोल नसला की आकडा जागचा हलायचा नाही. हा मात्र कार्ड नसतानाही आतल्या आत प्रत्येक क्लिक मोजत होता.

ती ओट्याला टेकली. गेले दहा महिने येईल त्याला ती सांगत होती की, आमची ठकी म्हणजे गुणाची, दुपारी मला तासभर झोपू देते. सासूबाईंना सांगितलं होतं, शेजारणीला सांगितलं होतं. शेजारणीला तर जरा तोऱ्यातच.

"चौदा हजार, बाबा," ती म्हणाली. आवाज कुजबुजताच होता, पण धार गेली होती. "एकदा तरी सांगायचंत… मी झोपले होते, हो. म्हणून उठवून नाही सांगितलंत. बरं…"

त्याच वेळी पाणी उतू गेलं. झाकण ओट्यावर पडलं, ठकी दचकून उठली आणि तिनं असा सूर लावला की, फोनमधून दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जावा.

"ओ ओ ओ… नाही, बाबा, ठेवू नका. काकांना द्या आधी… काका, ऐकू येतंय का? नवा कॅमेरा उद्यापुरता भाड्यानं मिळेल?… हो, तोच, बिनआवाजाचा. माझ्या लेन्स त्याला लावायचं कडंही द्या… तारण? नाही, जुना नाही. जुना घरी येणार… बॅगेत फ्लॅश आहे, तो ठेवून घ्या. नाटकात तसाही लावू देत नाहीत… पुढच्या प्रयोगांचं नंतर बघू. चालेल? बरं झालं… द्या बाबांना."

ठकीचा चेहरा लालबुंद झाला होता. ठकीला खांद्यावरून कडेवर घेत आईनं गॅस बंद केला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, जुना हातात आहे ना?… मग बघताय काय. एक लाख सहाच्या पुढे आता कोण विचारतंय? फोनजवळ धरा आणि…"

खटॅक.

ठकीचं रडणं अर्ध्यावर तुटलं. तिनं फोनकडे पाहिलं. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, पण हनुवटी हळूच खाली गेली, छातीला टेकली, आणि ती हलायची थांबली. फोटोसाठी बसलेलं गिऱ्हाईक बसतं तशी.

"बाबा," ती म्हणाली. "अहो, हिची हनुवटी… बाबा?… हॅलो?… हॅलो?"

बाबांच्या फोनची बॅटरी गेली होती. ठकी तशीच बसली होती, मान खाली, डोळे वर, पुढच्या क्लिकची वाट बघत.