जावई, रोही आणि माझी तूर

जावयाले रागावता येत नाही, यासारखी पंचाईत नाही बाई. आमचे जावई ऑस्ट्रेलियाहून आलते. जेवता जेवता म्हणे, "मामी, तिकडं संध्याकाळी गावाबाहेरच्या कुरणात कांगारू येतात. लोक दुरून पाहायले येतात."

मी म्हटलं, "आमच्या वावरात घोड्याएवढे रोही, म्हणजे नीलगाई येतात. चला."

गेलो, तर कळप तुरीत उभा राहून शेंगा खाऊन राह्यला. मी दगड उचलला. जावयांनी मोबाईल धरला, "मामी, थांबा! पळतील ना ते!"

आता यायले काय बोलू? मी रोह्यांकडं पाहून ओरडली, "फुकटचं खाऊन उभे काय राह्यले? सासुरवाडी आहे काय ही तुमची?"

रोही जागचे हलले नाहीत. जावई गाडीत जाऊन बसले.