वाराच्या दिवशी आलेली पाव्हणी

पयलं माझं येडपण सांगतो, म्हंजे पुढचं सगळं तुम्हाला नीट समजंल. फोनवर हिंदी बोलायची मला लई हौस. बेंगळुरातनं एका मॅडमचा फोन आला, आमी आठ जण येतो, भाताची रोपं लावायला मिळतील काय, तर मी छाती फुगवून म्हटलो, आइए मॅडम, शुक्रवार को आइए, पूरा खेत आपका है. बायको चुलीपासनं हातवारे करालती, मला वाटलं चहा झालाय म्हणून बोलवालीय, तर मी बी तिला हातानंच थांब म्हटलो. फोन ठेवल्यावर म्हणाली, शुक्रवारी गावाचा वार हाय न्हवं.

आमी बेळगुंदीकडची शेतकरी माणसं. जन्म इथलाच, थोडं भात, थोडी रताळी, आणि शेतावर भागंना म्हणून उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. सकाळी चिखलात, दुपारी भट्टीपुढं, अशी उमर गेली. काम कमी झालं तशी पोरगी म्हणाली, अण्णा, शेतात दोन खोल्या बांधूया, शहरची माणसं राहायला येत्यात. मी हसलो, आपल्या घरात आपल्याला ऱ्हावंना, लोक कशाला येतील? पर आली की हो. म्हशीचं शेण बघून फोटो काढणारी माणसं मी तवा पयल्यांदा बघितलो.

आता वार म्हंजे काय ते सांगतो. पावसाळ्यात देवीच्या नावानं गाव ठरीवतंय, अमक्या वारी कुणी शेतात पाय घालायचा न्हाय. नांगर न्हाय, खुरपं न्हाय, पिठाची गिरणी सुदीक बंद. माझी आई म्हणायची, माणूस दमतंय तशी माती बी दमतीया. लावणीचे दिस असू देत, पाऊस लागू दे, वार म्हंजे वार.

आणि खोल्या बांधायच्या आधी मी गावाला इचारलोतो. का, तर वरच्या अंगाला बाहेरच्या एकानं पाव्हण्यांसाठी बंगले बांधलेते. स्पीकर लावून नाच, बाटल्या ओढ्यात, म्हशी त्या पाण्याला तोंड लावंनात. गावानं त्याची वाटच बंद केली. म्हणून मला देवळात बसवून आप्पा बोलले. आप्पा म्हंजे गावातलं जाणतं माणूस, माझ्या बाच्या वयाचे, सगळी त्यांना आप्पाच म्हणत्यात. म्हणाले, कर रं बाबा धंदा, पर ओढ्यात घाण जायची न्हाय, दंगा व्हायचा न्हाय, आणि वार मोडलास तर त्याच दिवशी खोल्यांना कुलूप. मी देवीचा भंडारा उचलून, शपथेवर व्हय म्हटलो.

आता काय सांगू तुम्हाला, मॅडमला परत फोन करावा, तर एवढं ऐटीत बोलून माघारी यायची लाज. उद्या करतो, सांजच्याला करतो, म्हणत म्हणत शुक्रवारच उजाडला.

आठी जणं नवेकोरे गमबूट घालून उतरली. त्यातला एक धिप्पाड साहेब, पावसात काळा चष्मा. मी पोहे दिलो, चहा दिलो, परत चहा दिलो, म्हस दाखवलो, तिचं रेडकू दाखवलो, त्या म्हशीला बी कंटाळा आला. साहेब सारखं इचारालता, अंकल, खेत? शेवटी चला म्हटलो. वेळूच्या बेटामागं आमचा एक तुकडा हाय, गावातनं दिसत न्हाय, दिसला तर आमच्या परसातनंच. तितं नेलो. म्हटलो, नुसतं बांधावरनं दाखवूया.

बांधावर गेल्यावर मॅडम पुढं झाली. इकडं बघितली, तिकडं बघितली, आणि म्हणाली, अंकल, एवढा चांगला पाऊस, सगळी शेतं पाण्यानं भरल्यात, आणि माणूस एक बी दिसंना, का हो? माझी हिंदी तितंच आटली. मग जमंल तसं सांगितलो, वार सांगितलो, माती दमतीया ते सांगितलो, कुलपाचं बी सांगितलो. साहेब चिडला, एवढ्या लांबनं आमी काय म्हस बघायला आलो? त्याचं बी खरं होतं की. मॅडम मला म्हणाली, हे फोनवर सांगितला असता तर आमी शनिवारी आलो असतो. एवढंच. इतकं सोपं, आणि मी चार दिस झोपलो न्हवतो. आणि साहेबाला म्हणाली, बूट काढ, आज सगळ्यांनाच सुट्टी.

सांजच्याला माणसं पडवीत बसून माझ्या बायकोसंगं शेंगा सोलालती, आणि वाटंवर काठी वाजली. आप्पा. मी उठून घोंगडं अंथरलो. आठ जोड गमबूट बांधाकडं गेल्यालं गावानं बघितलंच असणार. आप्पा टेकले, ओळीनं ठेवलेले बूट एकेक उचलून तळ बघितले. बांधावरचं गवत तेवढं चिकटल्यालं, शेतातला चिखल न्हाय. मग म्हणाले, बूट झ्याक हायत रं, माझ्या मापाचा हाय काय बघ की. असं हलकं वाटलं म्हणून सांगू, उन्हातनं येऊन घागरभर पाणी डोक्यावर वतल्यागत.

शनिवारी पाव्हण्यांनी रोपं लावली. शेजारची आक्का बांधावरनं ओरडली, अगं बाई, ह्या वळी हायत का म्हशीनं वैरण इस्कटलीया? साहेब सगळ्यात जास्त चिखलात, चष्मा सुदीक गेला त्यात, आणि निघायची वेळ झाली तरी त्याचा पाय निघंना. आता कुणाचा बी फोन आला की मी आधी वार सांगतो, मग भाडं सांगतो. काही जण नगो म्हणत्यात, म्हणू देत. जी येत्यात ती नीट वागत्यात, ओढा सवच्छ हाय, आप्पा येऊन चहा पिऊन जात्यात. देवीची किरपा.

त्या शनिवारी पाव्हणी गेल्यावर बायको खोल्या झाडालती. मी दारात उभा ऱ्हाऊन म्हटलो, बघितलीस, तोंडानं नीट सांगितलं की माणसं ऐकत्यात, मी कसं समजावलो बघ त्यांना. ती काय झाडायची थांबली न्हाय. म्हणाली, व्हय तर, लई समजावलासा, पर शुक्रवारी मी परसातनं बघालते, मॅडमनं इचारायच्या आदी तुमी पँट गुडघ्यापर्यंत कशापायी दुमडलीसा ते तेवढं सांगा.