नातेवाइकांचा रकाना

माझं माहेर दौंडच्या पलीकडलं, घरात आम्ही पाच बहिणी, त्यात मी चवथी, त्यामुळं माझ्या जन्माचं कुणाला कवतिक न्हवतं, सातवीपर्यंत शिकवलं ते शाळा घरासमोरच व्हती म्हणून, आन् सतरावं लागलं तसं पुण्याजवळच्या मांजरी गावात देऊन टाकलं. पण काय सांगू ताई तुम्हाला, पाची बहिणींत नशिबाची मीच निघाले, कारण मला अक्का मिळाली. अक्का म्हंजे माझी थोरली जाऊ. आमचे मालक धाकटे, त्यांच्या थोरल्या भावाला आम्ही समदे दादा म्हणायचो, त्यांची बायको ती अक्का, शांता नाव तिचं. तिला मूलबाळ न्हवतं. मला तवा भाकरी थापता येत न्हवती, तव्यावर टाकली की मोडायची, आन् आत्याबाई, म्हंजे माझी सासू, लई कडक, तर अक्का मोडक्या भाकरी आपल्या ताटात ओढून घ्यायची आन् म्हणायची, आज माझाच हात बिघडलाय. रोज कुणाचा हात बिघडतो का, पण ती म्हणायची.

वैभव झाला तवा मी दीड महिना तापानं पडून व्हते. पोराला अंघोळ, तेल, झोपवणं, समदं अक्कानं केलं, ते पोरगं पुढं दहा वर्षाचं होईस्तोवर तिच्याच कुशीत झोपलं, तिला मोठी आई म्हणायचं आन् मला नुसती मम्मी. मला राग यायचा थोडा. खरं सांगायला बसलेय तर तेबी सांगते, यायचा राग.

दादा एकाएकी गेले. उसाला पाणी देत व्हते, बांधावर बसले ते उठलेच न्हाईत. त्या वर्ष-दोन वर्षांतच आमच्याकडं बिल्डरची माणसं यायला लागली. मांजरीत तवा रोज कुणाचं तरी रान जात व्हतं. वकील म्हणाला, थोरल्या बाईंचा हिस्सा हाय, त्यांनी हक्कसोड करून दिली तर एकाच्या नावावर काम सोपं जाईल. आमचे मालक मला म्हणाले, तिला तू सांग, तुझं ऐकती ती.

मी सांगितलं. मी म्हणले, अक्का, एक कागद करायचाय, घराच्या कामाचा हाय. तिनं विचारलंसुद्धा न्हाई कसला ते. लुगडं बदललं, माझ्या मागं रिक्षात बसली. तिथं रजिस्टर करायच्या हापिसात मशीनवर अंगठा लावावा लागतो, तर तिचा अंगठा उमटंना. खुरपून खुरपून रेघाच झिजल्या व्हत्या. तिथला माणूस वैतागला, पुन्हा लावा, पुन्हा लावा. मग मी काय केलं ताई, मी तिचा अंगठा माझ्या पदरानं पुसला, पाणी लावलं, पुन्हा पुसला, आन् माझ्या हातानं धरून मशीनवर दाबला. उमटला. ती माझ्याकडं बघून हसली, म्हणाली, बघ, तुझ्या हातानं झालं काम.

बिल्डरनं आमच्या रानावर बिल्डिंग बांधली, त्यातच आम्हाला फ्लॅट दिला. दोन बेडरूम आन् हॉल. अक्का हॉलमध्ये झोपायची. वैभवचं लगीन झालं, सूनबाई नोकरीवाली, चांगल्या घरची, तिच्या मैत्रिणी यायच्या आन् हॉलमध्ये अक्काची वाकळ, तिची गोळ्यांची पिशवी, रात्रभर तिचा खोकला. कुरबुरी सुरू झाल्या. मारलं न्हाई कुणी, शिवी दिली न्हाई कुणी. नुसतं रोज थोडं थोडं. एक दिवस मालक म्हणाले, वहिनी, थोडे दिवस इंदापूरला माहेरी जाऊन या, हवापालट व्हईल. ती गेली. भाऊ तिचा वारलेला, भाच्यांनी महिनाभर ठेवलं आन् बसमध्ये बसवून दिलं.

ती परत आली तो दिवस मी कसा विसरू. दुपारची वेळ, सूनबाईच्या ऑफिसातली चार माणसं जेवायला आलेली. बेल वाजली, मी आतलं दार उघडलं, जाळीचं दार लावलेलंच व्हतं. जाळीच्या पलीकडं अक्का, हातात पिशवी, घामानं डबडबलेली. मी कडी काढली न्हाई. मी म्हणले, अक्का, घरात पाहुणे हायेत, उद्या या. तिनं पाणीबी मागितलं न्हाई. बरं म्हणाली आन् जिना उतरली. लिफ्ट व्हती, तरी जिन्यानं.

दुसऱ्या दिवशी ती आली न्हाई. तिसऱ्याबी न्हाई. आम्ही एकमेकांना म्हणायचो, इंदापूरला गेली असंल. कुणी विचारलं तर सांगायचो, माहेरी असती, तिला तिकडंच करमतं. भाच्यांना फोन करायचं धाडस एकानंबी केलं न्हाई, कारण फोन केला तर कळलं असतं. तीन वर्षं असं सांगत ऱ्हायलो. सांगून सांगून मला सोताला खरं वाटायला लागलं व्हतं.

आता सर्व्हेचं सांगते. आमचा बायकांचा बचत गट, त्याची मी अध्यक्ष. पालिकेच्या एक मॅडम आमच्या गटांचं काम बघायच्या, त्यांनी मला बोलावलं, म्हणाल्या, मंगलताई, दिल्लीची योजना आहे, शहरात उघड्यावर राहणाऱ्यांसाठी निवारे करायचे आहेत, पण आधी माणसं मोजायला हवीत, तुमचं अक्षर चांगलं आहे, याल का. मला लई मान वाटला. कसब्यात पालिकेच्या शाळेत आमचं ट्रेनिंग झालं, लहान पोरांच्या बाकांवर आम्ही बायका अवघडून बसलेलो. मॅडमनी फॉर्म समजावला, नाव, वय, कुठं झोपता, आजार काय, आन् एक रकाना नातेवाइकांचा. तो नीट विचारा, म्हणाल्या, कारण केंद्राचा एक कायदा आहे म्हाताऱ्या माणसांसाठी. आई-बाप तर झालेच, पण ज्याला मूल नाही अशा म्हाताऱ्या माणसाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडं गेली किंवा जाणार आहे, त्यानं त्याला सांभाळलं पाहिजे, नाही सांभाळलं तर प्रांतसाहेबांकडं अर्ज करता येतो. एक बाई म्हणाली, असा कायदा हाय व्हय? मॅडम म्हणाल्या, आहे हो, जुना आहे, ज्यांनी वाचायचा ते वाचत नाहीत इतकंच. समद्या हसल्या. मीबी हसले, आन् फॉर्म घडी घालून पिशवीत टाकला.

मला बिबवेवाडीचा भाग दिला, सोबत रेश्मा म्हणून तिथलीच एक तरुण बाई. ती विचारायची, मी लिहायची. सकाळी दुकानं उघडायच्या आत जायचं, कारण तवाच माणसं ओट्यांवर सापडतात. चवथ्या दिवशी एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी लसूण सोलत बसली व्हती. हॉटेलवाले पोत्यानं लसूण देतात, सोलून दिला की वर जेवण देतात. रेश्मा पुढं झाली, आजी, नाव काय तुमचं? ती म्हणाली, शांता. आवाज ऐकला आन् मी मान वर केली.

अक्का. केस कापलेले. पायाला चिंधी बांधलेली. तिनं मला कवाच ओळखलं व्हतं.

रेश्मा विचारत गेली, वय, आजार, किती दिवस झाले इथं. अक्का उत्तरं देत व्हती आन् बघत माझ्याकडं व्हती. मग रेश्मानं विचारलं, आजी, घरचं कोण आहे, नातेवाईक? अक्का थांबली. रेश्माला वाटलं ऐकू आलं न्हाई, तिनं पुन्हा विचारलं. अक्का माझ्या तोंडाकडं बघत व्हती आन् मी फॉर्मकडं. मला एवढंच म्हणायचं व्हतं, मी हाय. दोन शब्द. पण डोक्यात तो कायदा, मालकांचं नाव, वैभवचं नाव, बचत गटाची अध्यक्ष, रेश्मा काय म्हणंल. मग अक्काच म्हणाली, कुणी न्हाई. लिहा बाई.

मला जन्मभर मंगे म्हणणारी, ती मला म्हणाली, लिहा बाई. आन् मी लिहिलं, नाही. माझ्या चांगल्या अक्षरात.

त्या फॉर्मवर तिला निवाऱ्यात जागा मिळाली. मला मॅडमनी शाबासकी दिली. मी महिनाभर जेवले न्हाई नीट, मालक म्हणाले डॉक्टरकडं जा. शेवटी मी घरात सांगितलं, अक्का निवाऱ्यात हाय, आन् मी असं असं लिहिलं. मालक टीव्ही बघत व्हते, म्हणाले, तिथं नीट खायला मिळतं ना तिला, मग झालं. वैभव मोबाईलमधनं मान वर न करता म्हणाला, मम्मी, तूच लिहून दिलंस ना कुणी नाही म्हणून, मग विषय संपला. माझ्याच अक्षराआड माझं पोरगं लपलं. त्याला काय बोलू, मीच लपायला जागा करून दिली व्हती.

मग मी मॅडमकडं गेले. म्हणले, मॅडम, माझ्याकडनं एक रकाना चुकलाय. समदं सांगितलं, अंगठ्याचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, फॉर्म काय, खाडाखोड करून दुरुस्त होतो हो. अर्ज मात्र त्यांनी करायला हवा, नाहीतर त्यांच्या संमतीनं. आधी त्यांना विचारा, त्या तुम्हाला ओळखतात का.

निवाऱ्यात गेले तर अक्का खाटेवर बसून दुसऱ्या एका आजीच्या डोक्याला तेल लावत व्हती. मी पाया पडले. तिनं पाय मागं घेतले न्हाईत, डोक्यावर हातबी ठेवला न्हाई. मी कायद्याचं सांगितलं. ती म्हणाली, नको. पोराच्या दारात नोटीस न्यायची न्हाई मला. मी रडले, तर म्हणाली, रडायचं तर बाहेर जाऊन रड, हितं समद्यांना त्रास व्हतो. मी उठले, तवा तिनं विचारलं, रेशनकार्डावर माझं नाव हाय का गं? हितले साहेब म्हणत्यात कुठंच दिसत न्हाई. खोटं बोलता आलं असतं. मी म्हणले, काढलं, अक्का. नवीन पत्त्याचं कार्ड करताना. कुणी काढलं, म्हणाली. मी म्हणले, वैभवनं.

तिनं तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाली, बोलव तुझ्या मॅडमला.

प्रांतसाहेबांपुढं तीन तारखा झाल्या. आमच्या घरात माझ्याशी कुणी बोलत न्हवतं, मी त्यांच्याबरोबर जायचे न्हाई, अक्काबरोबर बसनं जायचे. साहेबांनी मालकांना विचारलं, या कोण? म्हणाले, वहिनी. कुठं राहतात? मालक माझ्याकडं बघायला लागले. अक्काला विचारलं, आजी, तुम्हाला काय पाहिजे? ती म्हणाली, माझं नाव जिथनं काढलं तिथं घाला. आन् जागा द्यायचा कायदा असंल तर जागा द्यावी, ऱ्हायचं का न्हाई ते माझं मी बघंन. मला ऱ्हावलं न्हाई, मी उठले, म्हणले, साहेब, फॉर्म मी भरला व्हता, मी खोटं लिहिलं व्हतं. साहेब म्हणाले, तो फॉर्म माझ्यापुढं नाही, बसा. त्या दिवशी मला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं ताई. पण कायद्यात माझ्यासाठी काय न्हवतंच, जे व्हतं ते अक्कासाठी.

हुकूम झाला, तिच्या नावाची एक खोली, जेवणखाण, औषधपाणी. वैभवनंच कार्डावर नाव घातलं, कार्ड आणून टेबलावर आपटलं. आम्ही दोघं हॉलमध्ये आलो, आमची खोली रिकामी केली. अक्का एक दिवस सकाळी आली, खोली बघितली, खिडकी उघडली, गादीवरनं हात फिरवला. मी वाढलेलं जेवली. वैभव समोर आला तर त्याच्याकडं बघून म्हणाली, बारीक झालास. तो तसाच बाथरूममध्ये गेला आन् नळ सोडून बसला. मग अक्कानं पिशवीतनं कुलूप काढलं, नवीन, येताना विकत आणलेलं, खोलीला लावलं, किल्ली कनवटीला, आन् निवाऱ्यात परत गेली. म्हणाली, तिथल्या सखूचं डोळ्याचं ऑपरेशन हाय, तिला कुणी न्हाई.

आता ती पंधरा दिवसांनी एखादी चक्कर मारती. कुलूप काढती, केर काढती, घटकाभर बसती, जाती. सूनबाई म्हणती, बंद खोली कशाला अडवून ठेवायची. मालक त्या दारावरनं जाताना भिंतीकडं बघत जातात. मी गुरुवारी निवाऱ्यात स्वयंपाकाला जाते. अक्का पंगतीत बसती, मी वाढते, ती जेवती. माफ केलं का, ते मी विचारलं न्हाई. विचारायचं तोंड न्हाई मला, आन् ती सोताहून बोलायची न्हाई.

शेजारपाजारी विचारलं तर आता माहेरी गेली म्हणत न्हाई. म्हणते, आम्ही तिला ठेवली न्हाई. बायका चहा लवकर संपवतात.

तुम्ही मगाशी विचारलंत, नाव बदलू का. माझं बदला ताई. सूनबाईला दिवस गेलेत, उद्या त्या लेकरानं वाचलं तर, एवढी लाज अजून हाय मला, ती काय जात न्हाई. मालकांचं, वैभवचंबी बदला. अक्काचं मात्र शांताच लिहा. तिनं लपवावं असं काय केलंय? तुमची लेकरं तुम्हाला धरून ऱ्हावोत, आन् आपल्या माणसाला दारात उभं करायची वेळ तुमच्यावर कवा न येवो.